भरतीची वेळ आणि नागपूरची गाडी : ऐरोलीचा खाडीकाठ नीट कसा बघावा

पाच वर्षांपूर्वी मी बहिणीच्या दोन मुलांना घेऊन ऐरोलीला गेले, ते फ्लेमिंगो दाखवायला. नागपूरहून रात्रीची गाडी, ठाण्याला आंघोळ-नाश्ता, आणि साडेअकराला आम्ही खाडीच्या काठावर. समोर नजर पोचेल तिथवर काळा-करडा गाळ, त्यात मधूनच चमकणारा पाण्याचा एखादा ओघळ. पक्षी होते, पण इतके लांब की गुलाबी रंगाची एक रेघ तेवढी दिसत होती. धाकटा म्हणाला, "मावशी, पाणी कुठी गेलं वं?" बोट त्या वेळेला सुटणार नव्हती. परतीची गाडी त्याच संध्याकाळची होती.

त्या दिवशी अष्टमी होती. आज मला ते बघताक्षणी कळतं, तेव्हा कळलं नाही. चूक फक्त तारीख निवडण्याची होती. सुमारे 800 किलोमीटरचा प्रवास करून कुणा नागपूरकराच्या पदरी तसा दिवस येऊ नये, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. त्यानंतर मी चारदा जाऊन आले आणि चारही वेळा भरभरून बघायला मिळालं.

आधी जागा कोणती ते सांगते. ठाण्याच्या खाडीच्या पूर्व काठावर, नवी मुंबईतल्या ऐरोलीला, वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. जागा लहानशी आहे. माहितीचं दालन, तिवरांमधून, म्हणजे खाऱ्या गाळात वाढणाऱ्या झाडांमधून, जाणारी पायवाट आणि बोटीचा धक्का. पण त्याच्या पुढ्यात पसरलाय तो ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याचा सुमारे 17 चौरस किलोमीटरचा पट्टा. 2015 साली हे अभयारण्य जाहीर झालं आणि 2022 साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. त्याआधी आपल्या राज्यात नांदूर मधमेश्वर आणि लोणार हे दोनच रामसर होते. लोणार तर आपल्या विदर्भातलंच.

तिथी आधी, तिकीट नंतर

आपण तलावांच्या मुलखातली माणसं. पाणी आपल्याकडेही चढतं-उतरतं, पण सावकाश. गणपतीच्या सुमारास तलाव काठोकाठ भरतो, रब्बीला पाणी सुटलं की काठ उघडे पडायला लागतात, होळीपर्यंत चिखलाचा रुंद पट्टा तयार होतो आणि कुठे कुठे त्यावर गाळपेरही होते. आपल्या तलावाची ओहोटी सहा महिने चालते. खाडीची सहा तासांत संपते आणि पाणी पुन्हा चढायला लागतं. हा एक फरक डोक्यात बसला की बाकीचं सगळं नियोजन आपोआप जमतं.

मुंबईच्या किनाऱ्यावर साधारण 24 तास 50 मिनिटांत दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी पुढे सरकते. कोकणातली माणसं यासाठी एक सोपा हिशेब वापरतात: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जे उत्तर येईल ती भरतीची अंदाजे वेळ, सकाळची आणि संध्याकाळचीही. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास भरती आणि दुपारी दीडच्या सुमारास ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. अष्टमीला उत्तर येतं सहा. म्हणजे भर दुपारी बाराला ओहोटी. आम्ही नेमके त्याच वेळेला काठावर उभे होतो.

आता नागपूरच्या गाडीचा विचार करा. रात्रीच्या गाडीने आपण सकाळी उतरतो, आवरून-सावरून नऊच्या आसपास खाडीवर पोचतो. तेव्हा आपल्याला भरती हवी साडेनऊ ते दीडच्या दरम्यान. पाऊणपटीने त्रयोदशीला पावणेदहा येतात, चतुर्दशीला साडेदहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा, त्यानंतरच्या प्रतिपदेला पाऊण आणि द्वितीयेला दीड. म्हणजे त्रयोदशी ते द्वितीया हे पाच दिवस आपले. महिन्यात असे दोन गट मिळतात. भिंतीवरचं कॅलेंडर काढा, त्यांच्याभोवती पेनाने गोल करा आणि त्यातला सुटीचा किंवा रजेचा दिवस निवडा.

याच दिवसांना उधाणाची भरती असते, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तिचा जोर कमी. उधाणात गाळ भराभर झाकला जातो, पक्षी भराभर सरकतात आणि एकाच सकाळी दोन्ही रूपं बघायला मिळतात.

पाऊणपटीचा हिशेब दिवस निवडण्यापुरता. मिनिटांसाठी छापील किंवा ऑनलाइन भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचं, आणि तेही लक्षात ठेवून की कोष्टक मुंबई बंदराचं असतं. ऐरोली खाडीच्या बरंच आत आहे, तिथवर पाणी पोचायला आणखी वेळ लागतो.

मग बोटीचं आरक्षण. ते ऑनलाइन होतं, फेऱ्यांच्या वेळा केंद्रच भरतीप्रमाणे ठरवतं, आणि सुटीच्या दिवशीच्या जागा लवकर भरतात. केंद्राचा साप्ताहिक बंदचा वार त्याच वेळी बघून घ्या. बोटीची जागा मिळाल्याची खात्री झाल्यावरच रेल्वेचं तिकीट काढा. हा क्रम उलटा करू नका. आमचं नेमकं तिथेच बिनसलं होतं: गाडीचं आरक्षण मिळालं म्हणून तारीख ठरली.

महिने म्हणाल तर जानेवारी ते मार्च उत्तम. फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, नोव्हेंबरपासून यायला लागतात आणि मेपर्यंत असतात. एप्रिल-मेची शाळेची सुटी मोहात पाडते, पण तिथला घाम आपल्या कोरड्या उन्हासारखा नसतो. आपल्याकडे 44 अंशांत सावली गाठली की बरं वाटतं, तिथे 34 अंशांतही अंग चिकट होऊन जीव कासावीस होतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर मार्चनंतर नका जाऊ.

आधी अंबाझरी

दुर्बीण पहिल्यांदा डोळ्याला लावायची जागा हलती बोट नव्हे. त्यासाठी घरचा तलाव आहे. आम्ही जायच्या आधीचे निदान तीन रविवार अंबाझरीच्या मागच्या उथळ बाजूला किंवा गोरेवाड्याला घालवतो. गोरेवाड्याच्या जंगलात बिबटे आहेत, त्यामुळे तिथे परवानगीच्या वाटेनेच फिरायचं. गाडी असेल तर रामटेकजवळचा खिंडसी आहे, आणि काटोल-उमरेडकडचे गावतलाव तर याहून चांगले, कारण तिथलं पाणी शेतीला सुटतं आणि काठ लवकर उघडे पडतात.

सरावाला 5 नोव्हेंबरचा मुहूर्त धरा. तो मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस. 12 नोव्हेंबर सालिम अलींचा. त्या दोन तारखांच्या मधला आठवडा आपलं राज्य 2020 पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळतं. चितमपल्लींनी नवेगावबांधच्या जंगलात आणि तलावावर आयुष्याची कितीतरी वर्षं घालवली, त्यामुळे विदर्भातल्या माणसाला त्या तारखेचा थोडा जास्त हक्क आहे असं मला मनापासून वाटतं.

सराव कसला करायचा? पाण्याच्या मध्यभागी पोहणारी बदकं सगळेच बघतात. तुम्ही काठाचा चिखल बघा. एक कोपरा निवडा आणि अर्धा तास तिथून हलू नका. आधी टिटवी ओरडेल, मग गप्प होईल. मग जिथे काहीच नव्हतं असं वाटत होतं तिथे मुठीएवढा पक्षी धावताना दिसेल: चार पावलं पळतो, थबकतो, टोचतो, पुन्हा पळतो. हा चिखल्या. त्याची चोच आखूड, म्हणून तो गाळाच्या वरवरचे किडे टिपतो. जरा पुढे पाण्याच्या कडेला शेपूट वरखाली हलवत चालणारा तुतवार. घोटाभर पाण्यात लांब लालसर पायांचा शेकाट्या. प्रत्येकाच्या चोचीची आणि पायांची लांबी बघा, आणि तो किती खोल पाण्यात उभा आहे ते बघा. मुलांना वहीत काठाची आडवी रेघ काढून कोण कुठे उभा होता तेवढंच मांडायला लावा. नावं नंतर येतील. हीच वही खाडीवर न्यायची.

पाणकाठचा काळा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी आणि बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली हेही मुलांना चटकन ओळखता येतात. ओळखीसाठी मोबाईलवर मर्लिन आणि नोंदीसाठी ई-बर्ड ही ॲप्स फुकट आहेत आणि चांगली आहेत.

सामान

दुर्बीण 8×42 घ्या. आठपट जवळ दिसतं आणि पुढची काच 42 मिलिमीटरची, त्यामुळे कोवळ्या उजेडातही चित्र लख्ख. दुकानदार 10 किंवा त्याहून मोठा आकडा पुढे करेल, पण जितकं जास्त जवळ तितका हाताचा कंप जास्त, आणि बोटीत तर काहीच स्थिर राहत नाही. दोघांत एक दुर्बीण पुरते.

कपडे मातकट, हिरवट किंवा राखी, पूर्ण बाह्यांचे. तिवरांत डास असतात. नागपुरातून निघताना अंगावर असलेलं स्वेटर ठाण्याला पिशवीत जातं. जुने, तळाला खाचा असलेले बूट, टोपी, माणशी दोन बाटल्या पाणी, ओल्या कपड्यांसाठी एक जास्तीची पिशवी. खायला पोळ्या, शेंगदाण्याची चटणी आणि संत्री. फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची संत्री हाताशी असतात आणि खाडीवरच्या उन्हात त्याहून चांगलं काही नाही. सालं मात्र परत आणायची, एकही तिथे टाकायचं नाही.

ठाण्याहून पुढे

गाडी निवडताना ठाण्याला थांबा आहे का ते बघा, नाहीतर कल्याणला उतरून लोकलने ठाण्याला या. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गाची वाशी किंवा पनवेलची लोकल. पहिलं स्थानक दिघा गाव, दुसरं ऐरोली. तिथून रिक्षा. सकाळी ठाण्याहून निघणाऱ्या लोकलमध्ये ऑफिसला जाणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून मोठ्या बॅगा नातेवाइकांकडे किंवा स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवून हलकं निघा.

खाडीवर पोचल्यावर

भरतीच्या आधी जितक्या लवकर पोचता येईल तितकं पोचा, अडीच-तीन तास हाताशी मिळाले तर उत्तम. माहितीचं दालन आधी बघू नका, ते बोटीनंतर. पाणी तुमच्यासाठी थांबणार नाही, दालन थांबेल. थेट तिवरांतल्या पायवाटेवर जा.

पहिली गोष्ट येईल ती वास. सडक्या अंड्यासारखा. मुलं नाक धरतील. त्यांना सांगा की ही घाण नव्हे. गाळात हवा शिरत नाही, तिथे वाढणारे जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि त्यातून हा वायू निघतो. आपल्या तलावाच्या गोड्या पाण्यात सल्फेट फार कमी, म्हणून तिथल्या चिखलाला हा वास येत नाही. आणि गाळात हवा नाही, म्हणूनच तिवराच्या बुंध्याभोवती पेन्सिली रोवल्यासारखी शेकडो मुळं जमिनीतून वर आलेली दिसतात. झाड त्यांतून श्वास घेतं. ओहोटीत ती उघडी असतात, भरतीत बुडतात. पोचल्या पोचल्या त्यांच्या जवळची एखादी खूण हेरून ठेवा आणि बोटीहून परतल्यावर पुन्हा तीच जागा बघा. पाणी किती चढलं ते मुलांना याहून सोप्या रीतीने सांगता येत नाही.

तिवराचं पान हाताशी असेल तर न तोडता त्यावरून बोट फिरवा आणि जिभेला लावा. खारट लागतं. मुळांनी आत घेतलेलं मीठ हे झाड पानावाटे बाहेर टाकतं. कोरड्या सकाळी पानावर मिठाचे बारीक कण नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

आता खाली वाका. माझ्या मते या जागेचं खरं वैभव इथे आहे आणि नव्वद टक्के माणसं ते ओलांडून बोटीकडे जातात. गाळावर दोन मिनिटं काहीही हालचाल न करता बघत राहा. आधी नुसती भोकं दिसतात. मग एका भोकातून खेकडा डोकावतो. त्याची एक नांगी इवलीशी आणि दुसरी जवळजवळ त्याच्या अंगाएवढी. तो नर. मोठी नांगी वर उचलून तो माद्यांना बोलावल्यासारखी हलवतो, आणि छोटीने गाळ तोंडाकडे नेत राहतो. मादीच्या दोन्ही नांग्या छोट्या. जवळच गाळाच्याच रंगाची बोटभर निवटी बसलेली असते. मासा आहे, पण पाण्याबाहेर. पुढच्या परांवर रेटा देत ती सरपटते, डोळे डोक्यावर टेकवल्यासारखे, आणि मधूनच एक डोळा आत ओढून पुन्हा बाहेर काढते. माझ्या भाच्याने एका निवटीला सलग वीस मिनिटं बघितलं. तिच्यापुढे त्याला त्या दिवशी फ्लेमिंगोंचीही घाई नव्हती.

पायवाट सोडून गाळात उतरू नका. वरून घट्ट वाटतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि बूट आतच राहतो. शिवाय तुमच्या एका पावलाखाली पाच-सहा बिळं दबतात.

बोटीत

इथे एक पेच आहे तो समजून घ्या. बोटीला पाणी लागतं आणि पक्ष्याला गाळ. पूर्ण ओहोटीला बोट निघत नाही, पूर्ण भरतीला गाळ झाकला जातो आणि पुष्कळसे पक्षी सुक्या जागा शोधत दुसरीकडे उडून जातात. सगळ्यात चांगला वेळ या दोहोंच्या मधला, पाणी चढत असतानाचा. बोट जाईल इतकं पाणी आलेलं असतं, गाळाच्या उरलेल्या पट्ट्यांवर पक्षी दाटीने गोळा होतात आणि पाणी त्यांना हळूहळू तुमच्याकडे ढकलत आणतं. आरक्षण करताना निवड करता आली तर भरतीच्या आधीची फेरी घ्या.

लाइफ जॅकेट घालून पट्टे आवळा आणि बसून राहा. उभं राहिलं की बोट डुलते आणि सगळ्यांच्याच दुर्बिणी हलतात. कोपर गुडघ्यावर टेकवून दुर्बीण धरली तर बरीच स्थिर राहते.

रोहित दोन प्रकारचे. मोठा रोहित उंच, अंग बरंचसं पांढरट, चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. छोटा रोहित ठेंगणा, रंगाने जास्त गुलाबी, चोच गडद लाल, लांबून काळीच वाटते. दोघेही डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतात आणि जिभेने पाणी आत-बाहेर करून अन्न गाळून घेतात. छोट्याची गाळणी बारीक, तो मुख्यतः शेवाळावर जगतो. मोठ्याची जाड, तो कोळंबीसारखे लहान जीवही खातो. गुलाबी रंग याच अन्नातून येतो. पिल्लं करडी असतात, आणि थव्यात करडे-मळकट दिसतात ते वयात न आलेले पक्षी.

पाच मिनिटं मन भरून रोहित बघा आणि मग दुर्बीण त्यांच्या पायांशी न्या. तिथे तुमचे नागपूरचे ओळखीचे भेटतील: चिखल्या, तुतवार, शेकाट्या. त्यांच्यासोबत काळ्या शेपटीचा मालगुजा, ज्याला पक्षी बघणारे गॉडविटच म्हणतात. त्याची लांब सरळ चोच मुळापर्यंत गाळात जाते. अंबाझरीच्या वहीतली तीच आडवी रेघ इथे पुन्हा काढा. चिखल्या वर, तुतवार कडेला, शेकाट्या घोटाभर पाण्यात, मालगुजा त्याच्या पुढे, रोहित सगळ्यांत खोल.

रोहित माना खाली घालून खात असतील तर सगळं ठीक. सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या आणि थवा एकाच दिशेने चालायला लागला, तर बोट फार जवळ गेली आहे. तेव्हा नावाड्याला "दादा, थोडं मागे घ्या" असं स्वतः सांगा. बहुतेक नावाडी मनात तेच म्हणत असतात, पण प्रवासी "अजून जवळ" म्हणून आग्रह करतात आणि त्यांचा नाइलाज होतो. थवा उडाला की फोटो सुरेख येतो हे खरं. पण तो एकदा उडाला की खाण्याचा वेळ गेला, आणि गाळ उघडा असतो तेच मोजके तास त्यांच्या जेवणाचे.

कुरव पक्ष्यांना शेव-गाठ्या टाकायची वाईट सवय मुंबईच्या किनाऱ्यावर पसरली आहे. तळलेलं, खारवलेलं ते खाणं त्यांच्यासाठी नाही. टाकू नका, आणि शेजारचा टाकत असेल तर गोड शब्दांत थांबवा.

बोटीतून एक गोष्ट दिसेल जिने मला दरवेळी वाईट वाटतं. तिवरांच्या मुळांत अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, भरतीच्या रेषेवर ओळीने. मुलं विचारतील. शहराच्या नाल्यांतून येतात हे त्यांना सरळ सांगा, आणि आपली नाग नदी काय काय वाहून नेते तेही.

परतल्यावर

बोटीनंतर सावलीत बसून खा, मग दालन निवांत बघा. आता तिथली चित्रं आणि नमुने मुलांना आपले वाटतात, कारण त्यांनी निवटी आधीच पाहिलेली असते. हेरून ठेवलेली खूण आणि मुळं बघायला विसरू नका. माझ्या मागच्या खेपेला ती सगळी पेन्सिली-मुळं पाण्याखाली होती आणि जिथे खेकडे नांग्या हलवत होते तिथे लहान मासे फिरत होते.

परतीची गाडी संध्याकाळची किंवा रात्रीची ठेवा, दुपारची नको. गाडीत बसल्यावर वही पुरी करा: तिथी, पोचल्याची वेळ, बोटीची वेळ, पाणी चढत होतं की उतरत, मग पक्षी. ई-बर्डवर मोजणी टाकताना "खूप" असं लिहून चालत नाही. थव्यातले दहा नीट मोजा, तेवढी जागा डोळ्यांत धरा आणि अशा किती जागा थव्यात बसतात ते बघा.

घरी आल्यावर दुर्बीण ओलसर मऊ कापडाने पुसा, खारी हवा धातूला आणि काचेला दोघांनाही वाईट. बूट बादलीत ब्रशने घासून, तळाच्या खाचांतला गाळ काडीने काढून, उन्हात पूर्ण वाळवा. हे फक्त खाडीहून आल्यावरच नाही, एका तलावावरून दुसऱ्या तलावावर जातानाही करा. चिखलातून बिया आणि शंखांची अंडी जातात, आणि अंबाझरीवरची जलपर्णी बघितल्यावर नको असलेली वनस्पती पाण्यात किती वेगाने पसरते ते नागपूरकराला वेगळं सांगायला नको. काळा गाळ बादलीत सुटला की तोच वास पुन्हा येतो. आमच्याकडे आता ते काम धाकट्याकडे आहे, आणि तो बूट घासता घासता कॅलेंडरवर पुढची त्रयोदशी कोणत्या वारी येते ते विचारतो.